घड्याळ सांगतं त्यातल्या खऱ्या कॅलरी किती? घरच्या घरी असं तपासा

परवा संध्याकाळी मैदानाला पाऊण तास फेऱ्या मारल्या, घड्याळाने ३४० कॅलरी दाखवल्या, मग येताना कोपऱ्यावर खुशीत एक वडापाव हाणला, म्हटलं हिशोब फिटला. घरी येऊन कागदावर आकडेमोड केली तर फिटला कसला, उलट उधारी झालेली. ती आकडेमोड कशी करायची तेच सांगतो, साध्या गुणाकारापलीकडे काही लागत नाही.

आधी एक लक्षात घ्या, घड्याळ कॅलरी मोजतच नाही. खरं मोजायचं तर लॅबमध्ये तोंडाला मास्क लावून शरीराने ऑक्सिजन किती वापरला ते बघतात. मनगटावरचा तो हिरवा लुकलुकता लाइट फक्त नाडी पकडतो, आत एक सेन्सर हात किती हलला ते बघतो, आणि त्यात तुमचं वय, वजन, उंची टाकून कंपनीचा फॉर्म्युला अंदाज ठोकतो. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीवाल्यांनी ६० जणांवर सात बँड तपासले होते. नाडीच्या बाबतीत सातपैकी सहा बँडची चूक ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे झकास. पण कॅलरीत सगळ्यात चांगला होता तोसुद्धा सरासरी २७ टक्के चुकला, आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के! ती मॉडेलं आता जुनी झाली हे मान्य, पण अंदाज तो अंदाजच.

तर पहिलं काम, अ‍ॅपमधलं प्रोफाइल उघडा आणि वजन बघा. हसू नका, माझं घड्याळ मेव्हण्याकडून आलेलं, आत त्याचंच ९२ किलो वजन बसलेलं आणि मी ७२ चा, म्हणजे चार महिने मी त्याच्या कॅलरी जाळत होतो.

दुसरं, पट्टा. मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, हलणार नाही इतपत घट्ट. बांगडीसारखं खाली-वर होत असेल तर नाडी चुकते आणि मग पुढचं सगळंच चुकतं. टॅटूवर बांधलं तरी घोळ होतो.

आता आकडेमोड. नुसतं बसून राहायला जेवढी ऊर्जा लागते तिला १ मेट म्हणतात, साधारण वजनाच्या दर किलोमागे तासाला १ कॅलरी. सपाटीवर ताशी ५ किलोमीटरने चालणं म्हणजे साडेतीन मेटच्या आसपास. म्हणून ३.५ गुणिले ७२ किलो गुणिले पाऊण तास, झाले १८९. त्यातल्या ५४ तर मी सोफ्यावर लोळत पडलो असतो तरी गेल्याच असत्या, म्हणजे चालण्याची खरी कमाई फक्त १३५. आणि वडापाव? तीनशेच्या घरात.

ह्या ५४ ची गंमत बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. अ‍ॅपमध्ये टोटल (बसल्या-बसल्या जाणाऱ्या धरून) आणि अ‍ॅक्टिव्ह (फक्त हालचालीच्या) असे दोन आकडे असतात, आपण हटकून मोठा बघतो. व्यायामाचा हिशोब अ‍ॅक्टिव्हवर करा. पळणाऱ्यांसाठी अजून सोपं, किलोमागे प्रत्येक किलोमीटरला साधारण १ कॅलरी, म्हणजे ७२ किलोचा माणूस ५ किलोमीटर पळाला की ३६० च्या आसपास.

जिममधल्या मशीनवर बऱ्याचदा वजन विचारतच नाही, मग ते कुणा भलत्याच माणसाचा हिशोब देतं. ट्रेडमिलचं हँडल धरून चालत असाल तर अजून कमी जळतं, मशीनला मात्र त्याचा पत्ता नसतो. सायकलवर वॅट दाखवत असेल तर मात्र ती सोन्याची संधी, कारण तिथे प्रत्यक्ष काम मोजलेलं असतं (मशीन बरं असेल तर). १०० वॅटने अर्धा तास म्हणजे १८० किलोज्यूल, आणि शरीर जाळलेल्यातलं पाव ते पंचमांशच पेडलपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता, आणि एक कॅलरी म्हणजे साधारण ४.२ किलोज्यूल, त्यामुळे जळलेल्या कॅलरी जवळपास तेवढ्याच, १७० ते २१५.

वजनं उचलताना घड्याळाकडे बघूच नका. मूठ आवळली की सेन्सर गडबडतो, शिवाय नाडी धडधडते पण ऑक्सिजन त्या मानाने लागत नाही. मे महिन्यातल्या उन्हात किंवा दोन कप कडक चहानंतरही तेच, नाडी वाढली की घड्याळाला वाटतं गडी जोरात आहे.

वजन दुरुस्त केल्यावर माझं घड्याळ त्याच फेऱ्यांना २६५ च्या आसपास दाखवतंय, अजूनही जास्तच. चालेल, मी आता त्याची तुलना त्याच्याशीच करतो, मागच्या आठवड्यात किती आणि ह्या आठवड्यात किती, दुसऱ्याच्या घड्याळाशी नाही. आणि हो, जेवणाच्या अ‍ॅपमध्ये व्यायामाच्या कॅलरी दिवसाच्या खाण्याच्या हिशोबात आपोआप परत देणारं एक सेटिंग असतं, ते आजच बंद करा.