नहाणीची जाळी उचलण्याआधी

अंघोळ करताना पाणी घोट्यापर्यंत साचायला लागलं की बहुतेक घरांत आधी अ‍ॅसिडची बाटली शोधली जाते. ती उचलून मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवून द्या. मग घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या मावशींनाही, विचारा: गेल्या दोन-चार दिवसांत नहाणीत अ‍ॅसिड, कॉस्टिक सोडा किंवा ड्रेन क्लीनर टाकलंय का? टाकलं असेल आणि पाणी अजून साचलेलं असेल, तर त्यात हात घालायचा नाही, पंप मारायचा नाही आणि वरून दुसरं काही ओतायचं तर अजिबात नाही. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. अशा वेळी प्लंबरला बोलवा आणि काय टाकलंय ते त्याला आधी सांगा.

बाकीच्या नहाण्या आणि बेसिनही बघून घ्या. सगळीकडेच पाणी हळू जात असेल, किंवा वरच्यांनी पाणी सोडलं की तुमच्याकडे उलटं वर येत असेल, तर अडथळा खालच्या मुख्य लाइनीत किंवा चेंबरमध्ये आहे. ते सोसायटीला कळवा.

एकच नहाणी तुंबली असेल, तर गुंता बहुधा हाताच्या अंतरावरच असतो. केस, डोक्याचं तेल आणि साबणाची मळी. बोअरच्या जड पाण्यात साबण नीट विरघळत नाही, त्याचा चिकट पांढरट थर बनतो आणि केस त्यातच अडकत जातात. म्हणून खरं काम ओढून काढायचं आहे, विरघळवायचं नाही. रबरी हातमोजे, टॉर्च, स्क्रूड्रायव्हर, जुना टूथब्रश, रद्दी, एक पिशवी आणि टोकाला आकडा वळवलेली हँगरची तार एवढं दाराशी मांडून ठेवा. हार्डवेअरच्या दुकानात काटेरी कडांची प्लास्टिकची लांब पट्टी मिळाली तर तारेपेक्षा ती बरी, पाइपला ओरखडे पडत नाहीत. जाळी सिमेंटमध्ये घट्ट बसली असेल तर कडेने जुनी सुरी फिरवा. हातोडी मारू नका, टाइल तडकते.

रबरी पंप लागेलच असं नाही, पण असू द्या. त्याच ट्रॅपला, म्हणजे जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्याला, बेसिनचा किंवा वॉशिंग मशिनचा पाइप जोडलेला असेल, तर त्याचं तोंड बंद करायला ओलं फडकं हवं, नाहीतर सगळा जोर तिकडूनच निघून जातो. टब असेल तर वरच्या ओव्हरफ्लोच्या भोकाला तेच फडकं लावा.

गरम पाणी गीझरचं घ्या, उकळतं नको. पीव्हीसीचा पाइप 80 अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर फसफसतात खरे, पण ते एकमेकांनाच मारतात. केसांच्या बोळ्याला त्याने काही होत नाही.

सगळ्यांच्या अंघोळी उरकल्यावरची वेळ निवडा, मशिन लावू नका, खिडकी उघडी ठेवा. सुरू करण्याआधी अर्धी बादली ओतून पाणी जायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघून ठेवा, नंतर ताडून बघता येईल. जाळीखालची उपडी वाटी धुऊन कुठे ठेवणार तेही आत्ताच ठरवा. ती परत बसवून वर तांब्याभर पाणी ओतलं नाही, तर रात्री वास येतो आणि झुरळंही.