रोल केज: पाईप कापायच्या आधी हे बघा

बेळगावच्या उद्यमबागेत पाईप वाकवून देणारे पायलीला पन्नास हायत, पण रोल केज म्हणजे गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारा पाईपांचा सांगाडा, गेटची ग्रिल नव्हे बाबा. पाण्याचा शिवणीचा पाईप अजिबात नको, सीमलेस कोल्ड ड्रॉनच (बिनशिवणीचा, थंड ओढून काढलेला) घ्या, एफआयएच्या (मोटर रेसिंगच्या जागतिक संस्थेच्या) नियमात मेन हूपला, म्हणजे सीटमागच्या मुख्य कमानीला, कमीत कमी 45 मिमी व्यास नि 2.5 मिमी जाडी, नाहीतर 50 बाय 2. वाकवताना सेंटरलाईनची त्रिज्या व्यासाच्या तिप्पट तरी पाहिजे, सुरकुती पडली की तुकडा भंगारात, ठोकून सरळ करत बसू नका.

सीट बसवून, हेल्मेटसकट ड्रायव्हर आत बसवून मगच मापं. नॉच, म्हणजे दुसऱ्या पाईपावर बसायला टोकाला केलेली खाच, असा घासायचा की जोडातनं उजेड दिसता कामा नये, फट वेल्डनं भरू म्हणणाऱ्या मिस्त्रीला चहा पाजून परत पाठवा.

आधी सगळीकडं नुसते टॅक, म्हणजे पकडून ठेवायला वेल्डचे ठिपके. छताला चिकटलेल्या जोडाच्या वरच्या बाजूला वेल्डिंगचा टॉर्च पोचत नाही, म्हणून गाडीच्या फ्लोरला भोकं पाडून केज खाली सोडायचा, पूर्ण गोल वेल्ड मारून वर उचलायचा, मग पायाखाली 3 मिमीच्या प्लेटी. वेल्ड ग्राइंडरनं गुळगुळीत केला तर दिसतोय भारी पण जोड कमजोर होतोय. आणि हो, वेल्डिंगआधी बॅटरी नि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) काढून ठेवा.