जुनं ओव्हरस्पीडचं चलान कोर्टात गेलंय? निदान या चुका टाळा

लोकअदालतीच्या दिवशी मी मदतीच्या टेबलावर बसतो. लोक मोबाईल पुढे करून विचारतात, "दादा, पैसे कुठे भरायचे?" मी विचारतो, "चलानवरचा गाडीचा फोटो बघितला?" बहुतेकांनी बघितलेला नसतो.

याच चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. गेल्या वर्षी एक काका आले होते. कारचं तीन वर्षांपूर्वीचं चलान, २,००० रुपये. "कटकट नको, मिटवून टाका." सही केली, पैसे भरले, पाच मिनिटांत मोकळे. महिन्याभरात आणखी दोन चलानं आली, तेव्हा कुठे मुलाने पहिल्याचा फोटो उघडला. नंबर यांचाच, पण गाडी दुसरीच! यांची पांढरी, फोटोतली चंदेरी. कुणीतरी यांचा नंबर लावून बिनधास्त फिरत होतं. तक्रार द्यायला गेले तर पहिला प्रश्न आला, "मग ते आधीचं का भरलंत?" लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. पैसे तर गेलेच, वर आपणच कबुली दिल्यासारखं झालं.

लोकअदालतीत तडजोड होते, पुरावे तपासले जात नाहीत. चलान मान्य नसेल तर तिथे सही करू नका, नियमित कोर्टात म्हणणं मांडा. व्हर्च्युअल म्हणजे ऑनलाइन कोर्टाच्या साइटवरही दंड भरणं आणि आव्हान देणं असे दोन्ही पर्याय असतात. मी आधी फोटोची प्रिंट काढतो. तिच्यावरची तारीख, वेळ, ठिकाण पेनाने गोल करतो आणि सोबत आरसी, त्या दिवसाचं फास्टॅगचं स्टेटमेंट लावतो. मोबाईलमध्ये आहे म्हणणाऱ्यांची बॅटरी नेमकी पुकारा झाल्यावर संपते.

दुसरं खूळ व्हिडिओ बघून आलेलं: "सहा महिने झाले, चलान मेलं." नुसत्या दंडाच्या गुन्ह्याला सहा महिन्यांची मुदत आहे, हे खरं. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होती, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. पण गुन्ह्यापासून कोर्टात तक्रार दाखल होईपर्यंतचा काळ मोजतात, तुम्ही आज उगवलात तोवरचा नाही. शिवाय सबळ कारण असेल तर कोर्ट उशीर माफ करू शकतं. म्हणून आधी दाखल तारीख काढा. मुदत खरंच उलटली असेल तर पैसे भरण्याआधी तसा लेखी अर्ज द्या. भरल्यावर मुदतीचा मुद्दा काढणारेही भेटतात, त्यांना मी चहा पाजतो.

"थांबलो की निम्म्यात मिटतं" असा कुठलाही नियम नाही. ओव्हरस्पीडसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली कारला १,००० ते २,००० रुपये दंड आहे. तेवढ्यासाठी वर्षानुवर्षं थांबून नंतर एजंटला पैसे चारण्यात कसली हुशारी?

समन्स आलं तर तारखेला जा. वॉरंट निघाल्यावर धावपळ दुप्पट होते.

गाडी विकली असेल तर आरसीवरचं नाव बदललंय का बघा. राज्यातल्या राज्यात विकली तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नाव तुमचं, तर चलानही तुमच्याच नावावर.

चलानच्या मेसेजमधून एपीके फाइल (मोबाईलमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) उतरवू नका. खातं रिकामं होतं.

आणि पावती! ती मी आरसीच्या पाकिटातच ठेवतो. आठवड्याने पोर्टल उघडून बघतो. तरीही 'पेंडिंग' दिसलं, तर तीच पावती घेऊन पुन्हा खिडकीवर.