पत्राच्या माथ्यावर कुणाचं नाव आहे?

मी २०१६ चा मेकॅनिकल इंजिनिअर. सोलापूर विद्यापीठ, तिसऱ्या वर्षाला एक केटी (राहिलेला विषय), शेवटी ओढूनताणून फर्स्ट क्लास. हे आधीच सांगतोय, कारण पहिल्या नोकरीच्या पगाराबद्दल आणि नेमणूकपत्राबद्दल पुढे जे लिहितोय ते सगळं अशाच पोरापोरींसाठी आहे. कॅम्पसमधून सात-आठ लाख घेऊन बाहेर पडलेल्यांनी वाचलं नाही तरी चालेल.

कॉलेजच्या गेटवर 'सर्वोच्च पॅकेज' असा फ्लेक्स असतो, त्यावरून स्वतःचा भाव ठरवू नका. तो एका पोराचा आकडा असतो. कॉलेज एनआयआरएफमध्ये (सरकारी कॉलेज-क्रमवारीत) भाग घेत असेल तर त्यांनी भरलेली माहिती कॉलेजच्याच वेबसाइटवर सापडते आणि त्यात नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार दिलेला असतो. नोकरी लागलेल्यांतलीही निम्मी पोरं त्या आकड्याच्या खाली असतात. तो आकडा काढा आणि घरच्यांनाही दाखवा. फ्लेक्स त्यांनीही पाहिलेला असतो.

आयटीचं मी थोडक्यात आटपतो, तिथं काम केलेलं नाही. टीसीएसच्या 'निन्जा' या फ्रेशर भरतीचं वर्षाला ३.३६ लाख आणि इन्फोसिसचं ३.६ लाख हे आकडे माझ्या हिंजवडीतल्या मित्रांना पाठ झालेत. कित्येक वर्षं ते जागचे फारसे हललेले नाहीत. खोलीचं भाडं मात्र हललं. आणि ऑफर लेटर हातात आलं म्हणजे पगार आला असं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोनं साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या फ्रेशर्सना साडेतीन लाखांवर येता का, असं विचारलं होतं. पेपरात आलेली गोष्ट आहे.

आता कोअर, म्हणजे आपल्या मेकॅनिकलच्याच नोकऱ्या. आज मी स्वतः क्वालिटीच्या मुलाखती घ्यायला बसतो. पुण्याजवळच्या चाकण, भोसरी, रांजणगाव भागातल्या वेंडर (मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या) कंपन्यांत फ्रेशर इंजिनिअरला हातात पंधरा ते वीस हजार पडतात. मोठ्या कंपनीत जीईटी (प्रशिक्षणार्थी पदवीधर इंजिनिअर) म्हणून लागलात तर बरेच जास्त, पण त्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. शेजारच्या मशीनवर डिप्लोमावाला तेवढ्याच पगारावर असेल आणि पहिलं वर्षभर तुमच्यापेक्षा जास्त कामाचा असेल. त्यात कमीपणा मानू नका. मी मानला आणि सहा महिने फुकट घालवले.

सीटीसी (तुमच्यावर होणारा कंपनीचा एकूण खर्च) आणि इनहँड (हातात पडणारा पगार) यातला फरक तुम्हाला ठाऊक असणार, रील्सवर रोज तेच चालू असतं. तरी माझा हिशेब देतो. चिंचवडच्या एका नोकरी लावून देणाऱ्या कन्सल्टंटनं 'सव्वादोन लाखांचं पॅकेज' सांगून एक महिन्याचा पगार फी म्हणून घेतला. सव्वादोन लाख म्हणजे महिना १८,७५०. त्यात कंपनीच्या बाजूचा पीएफ १,२६०, ईएसआयसी (कामगार विमा) ६६५, बोनस ८७५ आणि कॅन्टीन, बस, गणवेश मिळून १,९५०. राहिला ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, १४,०००. त्यातून माझ्या बाजूचा पीएफ १,२६०, ईएसआयसी २४५, व्यवसाय कर २००. पहिल्या पगाराचा मेसेज आला तेव्हा मी भोसरीच्या मेसमध्ये जेवत होतो. १२,२९५. मी मोबाइल ताटाशेजारी पालथा ठेवला आणि भात मागितला.

पण मी फसलो तो इथं नाही. हा फरक कळला की माणूस चार दिवस चिडतो आणि कामाला लागतो. मी फसलो तो दुसरीकडे, आणि ते मला दोन वर्षं कळलंच नाही.

याच नोकरीची माझी मुलाखत चाकणच्या एका मोठ्या कंपनीच्या आत झाली. गेटवर त्यांचंच रजिस्टर, मुलाखतीला त्यांचाच क्वालिटी मॅनेजर. व्हर्निअरचा लीस्ट काउंट विचारला, कंट्रोल प्लॅन म्हणजे काय विचारलं. सेफ्टी शूज त्यांच्या स्टोअरमधून मिळाले. मी घरी बार्शीला फोन करून कंपनीचं नाव सांगितलं, आईनं गल्लीत पेढे वाटले. आठ दिवसांनी पत्र आलं. पगाराचं पान मी चार वेळा वाचलं. पहिल्या पानाच्या माथ्यावर दुसऱ्याच कुठल्या तरी 'सर्व्हिसेस'चं नाव होतं. मला वाटलं, असेल यांचीच एखादी शाखा.

ती शाखा नव्हती, मनुष्यबळ पुरवणारी एजन्सी होती. पत्रात एक ओळ होती: 'आपली नेमणूक आमच्या ग्राहकाच्या आस्थापनेत करण्यात येत आहे.' या एका ओळीचा अर्थ असा की मी ज्या कंपनीत रोज बारा तास राबत होतो, तिच्या लेखी मी नव्हतोच. ऑन-रोल, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या पटावरच्या, लोकांच्या ओळखपत्राची दोरी हिरवी होती, आमची राखाडी. मला वाटायचं, हिरवी सीनिअर लोकांना देतात.

हे नीट समजून घ्या, कारण मुलाखतीत कुणी आपणहून सांगत नाही. मुलाखत कोण घेतो यावरून काही ठरत नाही. कुठल्या शॉपमध्ये उभं राहता यावरूनही नाही. पत्राच्या माथ्यावर कुणाचं नाव, खाली सही-शिक्का कुणाचा, पगार कुणाच्या खात्यातून येतो आणि पीएफच्या पासबुकात आस्थापना म्हणून कुणाचं नाव दिसतं, यावरून ठरतं. ही चारही नावं एक असतील तर तुम्ही तिथले. एक जरी वेगळं असेल तर तिथंच थांबून विचारा, 'सर, मी कुणाच्या रोलवर असेन?' लाजू नका. 'तसं काही नसतं, सहा महिन्यांत ऑन-रोल करतो' असं उत्तर आलं तर तेच मेलवर मागा. मेल येणार नाही. तेच खरं उत्तर.

मी नाही विचारलं. पत्र अकरा महिन्यांचं होतं. ते संपलं तेव्हा पुढच्या अकरा महिन्यांचं आलं, त्यावर एजन्सीचं नाव पुन्हा बदललेलं. वर्षात २४० दिवस भरले की कायदा सलग नोकरी धरतो, ते भरू नयेत म्हणून लाइनवरच्या आयटीआयच्या पोरांना सात महिन्यांनी ब्रेक देतात, आमच्यासाठी ही अकरा महिन्यांची रीत. आम्ही अकरा जण एकदम लागलो होतो, त्यातले दोघे ऑन-रोल झाले. त्यातला एक खरंच हुशार होता.

कळलं २०१८ च्या शेवटी. दुसऱ्या कंपनीत निवड झाली, पगार जवळपास दुप्पट. मी बायोडेटात मोठ्या कंपनीचं नाव लिहिलं होतं. पडताळणीवाल्यांनी तिथं विचारलं, उत्तर आलं की या नावाचा कर्मचारी आमच्याकडे कधीच नव्हता. मी खोटा ठरलो. दोन वर्षं ८डी रिपोर्ट (दोषाचं कारण आणि उपाय सांगणारे अहवाल) भरले, ग्राहकाकडे जाऊन रिजेक्शनचे डबे फोडून सॉर्टिंग केलं, आणि खोटा ठरलो. ती नोकरी गेली. मग पीएफ उघडून पाहिला तर दोन वेगवेगळ्या आस्थापना, आणि चार महिन्यांचे १,२६० माझ्या पगारातून कापलेले पण भरलेलेच नाहीत. ईपीएफओच्या पोर्टलवर तक्रार केली, पुष्कळ महिन्यांनी पैसे जमा झाले. पाच हजार चाळीस रुपयांसाठी मी जेवढे स्क्रीनशॉट काढले तेवढे फोटो बहिणीच्या लग्नात काढले नसतील.

म्हणून पहिल्या महिन्यापासून सरकारच्या उमंग अॅपवर पीएफचं पासबुक बघत जा. मालकानं पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात.

आता घाबरू नका. एजन्सीची नोकरी घेणं म्हणजे आयुष्य बुडालं असं नाही. घरी कर्ज असेल, वर्ष वाया जात असेल, तर घ्या. मात्र बायोडेटात आधी एजन्सीचं नाव लिहा, मग 'अमुक कंपनीत नेमणूक' लिहा. तेवढं खरं लिहिलं असतं तर मी वाचलो असतो, पुढच्या मुलाखतीत वाचलोच. विभागप्रमुखाकडून कामाबद्दल दोन ओळींचा मेल घेऊन ठेवा. पुरावा म्हणून ड्रॉइंग-बिइंग मात्र घरी आणू नका, नोकरी जाईल आणि वर गुन्हाही दाखल होऊ शकतो. आणि एका वर्षाच्या वर तिथं थांबू नका.

माझं मत विचाराल तर त्यापेक्षा सरळ अप्रेंटिसशिप बरी. २०१९ च्या नियमांनी पदवीधराला महिना किमान ९,००० विद्यावेतन ठरवलं. आकडा ऐकून घरचे नाक मुरडतील. शिकाऊ उमेदवार कायद्यानं कामगार नसतो, त्यामुळे पीएफ नाही, आणि वर्षानंतर नोकरी द्यायला कंपनी बांधील नाही. पण करार त्या कंपनीशी होतो, त्याची सरकारी पोर्टलवर नोंद असते आणि प्रमाणपत्र मिळतं. तुम्ही तिथं होता हे कुणी नाकारू शकत नाही.

शॉर्टकटचं विचाराल तर माझं तोंड वाईट आहे. चाळीस हजारांचा डिझाइनचा क्लास, त्यावर 'शंभर टक्के प्लेसमेंट'. अहो, शंभर टक्के असती तर तिथला शिकवणारा पंधरा हजारांवर तुम्हाला का शिकवत बसला असता? ओळखीचे काका 'मी सांगतो साहेबांना' म्हणतात, ते सांगतातही बिचारे, पण त्या साहेबांच्या हातात एजन्सीचाच फोन नंबर असतो. आणि लिंक्डइनवर पहाटे पाच वाजता उठणारे मेंटॉर. मला जे काही येतं ते आमच्या लाइनवरच्या एका आयटीआय झालेल्या सुपरवायझरनं शिकवलं. ते म्हणायचे, 'इंजिनिअर, आधी पार्टला हात लाव, मग रिपोर्ट लिही.' त्यांच्याही ओळखपत्राची दोरी राखाडीच होती.

आज आठव्या वर्षी मला हातात ५८ हजार मिळतात. फार नाहीत. मोशीत एक बेडरूमचा फ्लॅट भाड्यानं घेतलाय आणि आईनं आता कंपनीचं नाव विचारायचं सोडून दिलंय.

परवा मामाच्या मुलाचा मेसेज आला. 'दादा, झालं! तीन लाख!' सोबत पगाराच्या पानाचा फोटो, आकड्यावर लाल गोल. मी लिहिलं, अभिनंदन, आता पहिलं पान पाठव. त्यानं अंगठा पाठवला. रात्री मी पुन्हा लिहिलं, पहिलं पान, वरचा भाग दिसेल असं. दोन निळ्या टिका दिसतायत, पान अजून आलेलं नाही.