जुआन मर्गरीत यांची कविता मराठीत आणताना

मर्गरीत हे कातालान, म्हणजे स्पेनमधल्या कातालोनियाच्या भाषेत लिहिणारे कवी. आधी नाव. कातालान ‘जे’चा स्पॅनिशसारखा ‘ख’ किंवा ‘ह’ होत नाही, म्हणून ‘होआन’ लिहू नका. ‘श’ म्हणताना गळ्यातून आवाज दिला की जे ऐकू येतं, तो हा उच्चार; मराठीत ‘जुआन’ चालवून घ्यावं लागतं.

मर्गरीत (1938–2021) पेशाने वास्तुविशारद, बार्सिलोनात इमारतींच्या संरचनेची गणितं शिकवायचे. पहिला संग्रह 1963 मध्ये स्पॅनिशमधून आला. कातालानकडे ते 1980 च्या सुमारास वळले आणि पुढे आपल्याच कवितांची स्पॅनिश रूपंही स्वतः करू लागले. त्यामुळे दोन्ही पाठ शेजारी ठेवा. फरक दिसला तर ती चूक समजू नका, कवीनेच पुन्हा केलेला विचार असतो. इंग्रजी अनुवाद सगळ्यात शेवटी उघडा.

सुरुवात ‘जुआना’पासून (2002) करा. आदल्या वर्षी गेलेल्या स्वतःच्या मुलीवरच्या या कविता; शब्द रोजचे, पण इथेच स्पॅनिश येणारे हमखास घसरतात. ‘बाच’ म्हणजे ‘मी जातो’, पण ‘बाच कान्ता’ म्हणजे ‘मी गायलो’. स्पॅनिशच्या सवयीने ‘गाणार आहे’ केलंत, तर गेलेल्या मुलीची आठवण भविष्याचा बेत होऊन बसते.

लिंगाचाही पेच आहे. कातालान भूतकाळात ‘गेलो’ की ‘गेले’ कळत नाही. बोलणारा कोण ते विशेषणात शोधा: ‘कन्सात’ थकलेला, ‘कन्सादा’ थकलेली. संबोधनात मात्र आपण सुखी. तिथे तू, बोस, बुस्ते. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण. इंग्रजीतून आलात की हे तिन्ही एकाच शब्दात बुडतात.

कातालान ओळ मोजताना शेवटच्या आघाताच्या अक्षरावर थांबायचं, पुढचं धरायचं नाही. दहा अक्षरी ओळ मर्गरीत यांच्या हातची. यमक बहुतेकदा नाही. मराठीत ते आणू नकाच. पण ते न आणताही येतं: क्रियापदं शेवटी जातात आणि चार ओळी ‘होती’वर संपून बडबडगीत होतं. क्रियापद ओळीच्या पोटात घ्या, ‘आहे’ गाळता येतं तिथे गाळा. तत्सम शब्दांची आरासही नको. ‘अश्रू’पेक्षा ‘पाणी’ बरं, डोळे आधी आलेले असतील तर.

मग एकेक शब्द काढून बघा. कविता उभी राहिली, तर तो खांब नव्हता, काढून टाका.

छापण्याआधी वारसांची किंवा प्रकाशकाची लेखी परवानगी घ्या. स्वामित्वहक्क अजून चालू आहे.