ग्लासवुलचं काम करता? मग या चुका टाळा

"पहिले आठ दिवस खाजवते भाऊ, मंग सवय होऊन जाते." तुमसर, गोंदिया, देसाईगंज, कुठल्याही राईस मिलच्या बॉयलरखाली जा, लॅगिंगवाला, म्हणजे गरम पाइपांवर ग्लासवुल (काचेच्या बारीक तंतूंची लोकर) गुंडाळणारा, जुना माणूस नव्या पोट्ट्याला हेच सांगताना सापडेल, आणि सांगता सांगता स्वतः कॉलरमध्ये बोट घालून मान खाजवत असेल. या कामावर सुपरवायझरकी करण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्याच त्या चुका पाहून डोकं उठलं म्हणून लिहून राहिलो.

सवय होते हे खोटं नाही. खाज आणतात ते जाड तंतू, साधारण ५ मायक्रॉनच्या वरचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ते चामडीत टोचतात आणि काही आठवड्यांत बऱ्याच लोकांची चामडी निबर होऊन जाते. पण फुफ्फुसात खोल उतरतो तो ३ मायक्रॉनपेक्षा बारीक तंतू, आणि तो ना टोचतो ना दिसतो. म्हणून खाज थांबली तर फक्त चामडी निबर झाली असं समजा, हवेत धूळ तेवढीच आहे. आणि मला विचाराल तर काम करताना होतो त्याहून जास्त घोळ काम संपल्यावर होतो.

कामाचे कपडे घरी नेणं

ही माझी सगळ्यात डोक्यात जाणारी चूक. साकोलीकडचा एक पोट्टा होता आमच्याकडे, हाताला चांगला, जाळी बांधण्यात एक नंबर. एकदा ॲडव्हान्स मागायला आला, म्हणे घरी सगळ्यांना खरूज झाली, दवाखान्यात पैसे चालले. डॉक्टरनं मानेपासून पायापर्यंत लावायचं औषध दिलं, गाद्या-चादरी उन्हात टाकल्या, कपडे उकळले, सगळं करून झालं, आठ दिवसांनी पुन्हा तेच. लहान पोरगी रात्रभर रडे. मी विचारलं, तुले किती खाजवते? तर म्हणे, "मले तर काहीच होत नाही जी, मले सवय आहे." आता घरात खरूज आणि कमावत्या माणसालाच काही नाही, हे मला पटेना. विचारता विचारता निघालं की याचे कामाचे कपडे बायको एकाच टबात भिजवायची, त्याच पाण्यात पोरीचे फ्रॉक, चादरी, अंग पुसायचा शेला. तिचे स्वतःचे हात कोपरापर्यंत लाल झालेले. खरूज बोटांच्या बेचक्यात जास्त असते आणि रात्री जास्त खाजवते, इथं तर पोरीला फ्रॉकची शिवण घासते तिथंच पुरळ होतं. मी त्याला सांगितलं की कपडे साइटवर ठेव, घरचे सगळे कपडे दोन-तीनदा मोकळ्या पाण्यातून काढ, आणि डॉक्टरला जाऊन सांग की तू काय काम करतो. हे त्यानं आधी सांगितलंच नव्हतं, आणि डॉक्टरनं विचारलंही नव्हतं. पोरगी लवकरच शांत झोपायला लागली.

तेव्हापासून माझ्या साइटवर नियम एकच, दोन जोड ठेवा. कामाचा जोड झाकणाच्या ड्रममध्ये राहतो, तिथंच वेगळा धुतला जातो, आणि माणूस आंघोळ करून घरच्या कपड्यांत गाडीवर बसतो. मशीनमध्ये धुवायचेच असतील तर वेगळे धुवा आणि नंतर मशीन नुसत्या पाण्यावर एकदा रिकामी फिरवा. ठेकेदार म्हणतात आंघोळीला पाणी कुठून आणू. बॉयलरला पाणी येते ना बा, मग माणसाला दोन बादल्या काऊन येत नाही?

कंप्रेसरची हवा मारणं

सुट्टी झाली की पाइप घ्यायचा आणि एकमेकांच्या अंगावर फूर्र करून हवा मारायची. जे तंतू शर्टवर निवांत बसले होते ते सगळे नाकासमोर. वरून काही तंतू त्या प्रेशरनं चामडीत आणखी आत. कोरडा झाडूही तसाच. आधी पाणी शिंपडा, ओल्या पोत्यानं पुसून घ्या, तुकडे लगेच पिशवीत भरून तोंड बांधा. पाच मिनिटं जास्त लागतात, पण नव्या पोट्ट्यांना पाच वाजले की पाच मिनिटंही जड होतात.

त्याच हातानं खर्रा

हे लिहायची लाज वाटते पण आपल्याकडं लिहावंच लागते. ग्लासवुल कापता कापता हात पँटला पुसायचा, खिशातून खर्र्याची (सुपारी-तंबाखूची) पन्नी काढायची, मस्त घोटायची आणि टाकायची गालात. मग संध्याकाळी "घसा खरखर करते, ओठ चुरचुर करते, माल खराब आला वाटते." माल खराब नाही राजा, तू तंबाखूत काच घोटली. खर्रा सोडा म्हणून मी सांगून थकलो, त्यानं तोंडाचं काय होते ते टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या पोस्टरवर नाही, गावातच पाहायला भेटते. निदान हात-तोंड धुतल्याशिवाय पन्नी उघडू नका, आणि डबाही बॉयलरखाली बसून खाऊ नका.

दुपट्टा म्हणजे मास्क नाही

दुपट्टा ऊन अडवते, बारीक तंतू नाही. एन९५ पाहिजे, दोन्ही पट्ट्या डोक्यामागं, नाकावरची क्लिप दाबलेली. दाढीवर तो बसत नाही, बाजूनं हवा आत येते. आणि एकच मास्क महिनाभर खिशात कोंबून वापरू नका.

नवतप्यात बनियनवर काम

मे अखेरच्या नवतप्यात ४५ डिग्रीत फुल बाह्या घालायला जिवावर येते हे मला कळते. पण घाम आला की तंतू चिकटते आणि कपडा घासतो तिथं म्हणजे मान, कोपराची घडी, कमरेच्या पट्ट्यापाशी चामडी सोलून निघते. ढगळ सुती शर्ट घाला, बाह्या बटन लावून, आणि मे महिन्यात काम पहाटे पाचला सुरू करा. अकरानंतर मी तसंही कोणाला शेडच्या पत्र्याखाली चढू देत नाही.

तंतू टोचले तर खाजवू नका, चोळू नका, आधी वाहत्या पाण्याखाली धरा, मग साबण. राहिलेच तर चिकटपट्टी हलक्या हातानं लावून ओढा. कामाआधी खोबरेल तेल चोपडू नका, माझ्या मते त्यानं तंतू उलटे जास्त धरून राहतात. डोळ्यात गेलं तर पाणी मारा, बोट नाही. आणि मेडिकलवरून विचारून आणलेली ट्यूब अजिबात नको, त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असते, खाज दोन दिवस दबते आणि कमरेला गजकर्ण असलं तर ते पाठभर पसरते.

जुनं लॅगिंग खोलताना "ग्लासवुलच असेल" म्हणणं

इथं घाई करणाऱ्यावर मी खरंच ओरडतो. नवं ग्लासवुल चिकटद्रव्यानं बांधलेलं असते, पण गरम पाइपावर राहून ते जळून जाते, म्हणून जुनं खोलताना भुसा उडतो तसा उडतो. ओलं करूनच काढा. आणि जुन्या मिल, जुन्या पॉवर प्लांटमध्ये पत्र्याखाली काय निघेल सांगता येत नाही. पांढरी खडूसारखी पपडी किंवा जुनी पांढरी दोरी दिसली तर काम थांबवा, ते ॲस्बेस्टॉस असू शकते. काचेचा तंतू आडवा तुटते आणि फुफ्फुसात हळूहळू विरघळते, ॲस्बेस्टॉस उभं चिरत जाऊन आणखी बारीक होते आणि तिथंच राहते, रोग वीस-तीस वर्षांनी निघते. ग्लासवुलनं कॅन्सर होतोच असं घाबरवणारेही भेटतात, तर आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेनं २००१ साली इन्सुलेशनच्या ग्लासवुलला "शक्य" म्हणजे २ब गटातून काढून गट ३ मध्ये टाकलं, पुरावा पुरेसा नाही म्हणून. भट्टीतलं सिरॅमिक वुल मात्र २ब मध्येच राहिलं. नुसतं पाहून दोन्हींत घोळ होऊ शकतो, म्हणून बंडलावरचं लेबल वाचा.

कूलरची बॉडी, टाक्या बनवणाऱ्या फायबरवाल्यांसाठी

तुमच्या काचतंतूच्या मॅटचा तंतू जाड असते, खोल जात नाही, पण ग्राइंडर मारला की रेझिनसकट (मॅटवर लावायचं, वाळून कडक होणारं द्रव) बारीक धूळ होते. मागं पंखा लावून ग्राइंडिंग करू नका, ती धूळ शेजारच्याच्या तोंडात जाते. रेझिनच्या वासाला एन९५ अडवत नाही, त्याला वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्क लागते. हात ॲसिटोननं धुऊ नका, चामडीचं तेल निघून गेलं की तंतू आणखी टोचते. हार्डनर (रेझिन कडक करणारं) आणि कोबाल्ट (ते काम लवकर करवणारं) सरळ एकत्र केलं तर भडका होतो, कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण फिरवा, मग हार्डनर. हार्डनर डोळ्यात उडालं तर पंधरा मिनिटं पाणी, मग लगेच दवाखाना, कारण त्यानं नजर जाऊ शकते.

खोकल्याचं एक राहिलं. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर "ग्लासवुलची धूळ आहे" म्हणून घरी बसू नका, सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा, टीबीची तपासणी फुकट होते. आणि ज्याला आधीपासून दमा आहे त्याला जुनं लॅगिंग खोलायला लावू नका, त्याला खाली पत्रा कापायला बसवा, तिथंही हजेरी तेवढीच पडते.