ज्येष्ठांसाठी डे केअर केंद्र निवडताना

मुलगा आणि सून सकाळी शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला गेल्यानंतर घरी एकट्या राहणाऱ्या आजींकडे कोणी पाहायचे, हा प्रश्न कोल्हापुरातील अनेक घरांपुढे आहे. डे केअर केंद्र हा त्यावरचा एक मार्ग आहे. वृद्धाश्रमात माणूस राहायला जातो. डे केअर केंद्रातून तो संध्याकाळी आपल्या घरी, आपल्या अंथरुणावर परत येतो. हा फरक आजींना सर्वांत आधी आणि शांतपणे सांगावा, कारण ‘मला आश्रमात ठेवणार’ अशी भीती एकदा मनात बसली की पुढचे बोलणेच खुंटते.

विरंगुळा केंद्र आणि डे केअर केंद्र यांतही गल्लत होते. विरंगुळा केंद्रात वर्तमानपत्रे, कॅरम, भजन आणि गप्पा असतात, आणि स्वतःहून ये-जा करू शकणाऱ्या ज्येष्ठांना तेवढे पुरेही पडते. परंतु वेळेवर औषध देणे किंवा हात धरून शौचालयापर्यंत नेणे ही जबाबदारी तेथे सहसा कोणी घेत नाही. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीची गरज तर आणखी वेगळी असते. ती नकळत दाराबाहेर पडू शकते आणि दिवस कलताना तिचा गोंधळ अनेकदा वाढतो. म्हणून अशा व्यक्तीसाठी प्रवेशद्वारावर सतत लक्ष असलेले आणि या आजाराची माहिती असलेले सेवक जेथे आहेत, तेच केंद्र पाहावे.

केंद्रे पाहण्यापूर्वी चार-पाच दिवस घरातील ज्येष्ठांच्या दिवसाची नोंद वहीत ठेवावी: ते केव्हा उठतात, कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती नंतर घेतात, कितीदा लघवीला जातात, कोणत्या वेळी थकतात. इन्सुलिन घेणाऱ्यांच्या बाबतीत जेवणाला उशीर झाला तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते, त्यामुळे केंद्रातील जेवणाची वेळ हा त्यांच्यासाठी केवळ सोयीचा प्रश्न नसतो. ही वही केंद्रचालकांपुढे ठेवून ‘यातले कोणते काम कोण करील?’ असे विचारावे. मोघम उत्तर मिळाले, तर माझ्या मते तेथेच थांबावे.

केंद्र पाहायला शक्यतो दुपारी जेवणाच्या वेळी जावे. सजवलेल्या सभागृहापेक्षा शौचालय अधिक काही सांगते: फरशी कोरडी आहे का, भिंतीला धरायला दांडी आहे का, दार बाहेरून उघडता येते का, कमोड आहे का. ज्यांना भरवावे लागते त्यांच्याशेजारी कोणी बसले आहे की ताट ठेवून सेवक निघून गेले आहेत, हेही पाहावे. रक्तदाब असलेल्यांना कमी मिठाचे आणि दात नसलेल्यांना मऊ जेवण मिळते का, आणि अचानक कोणाला चक्कर आली तर कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या वाहनाने नेले जाते, हे स्पष्ट विचारावे.

कोल्हापुरात आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो. 2019 आणि 2021 च्या पुरांत पंचगंगेचे पाणी शहराच्या सखल भागांत शिरले होते. म्हणून केंद्र कोणत्या भागात आहे, पावसाळ्यात नेण्या-आणण्याची गाडी कोणत्या रस्त्याने येते आणि रस्ता बंद झाल्यास ज्येष्ठांजवळ कोण थांबते, हे आधीच ठरवून घ्यावे. शुल्क, गैरहजेरीच्या दिवसांचा हिशेब आणि संध्याकाळी न्यायला उशीर झाल्यास होणारा आकार हे सर्व लेखी असावे. ज्येष्ठांसाठी असलेल्या 14567 या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवरही मार्गदर्शन मिळते.

पहिला आठवडा अर्ध्या दिवसाचा ठेवावा. घरी आल्यावर ‘कसे वाटले?’ असे विचारले की बहुतेक वडीलधारी मंडळी मुलांना त्रास नको म्हणून ‘बरे होते’ एवढेच म्हणतात. त्याऐवजी आज जेवायला काय होते, शेजारी कोण बसले होते, हे विचारावे. ज्यांना आठवत नाही, त्यांचे कपडे ओले आहेत का, पाण्याची बाटली भरलेलीच परत आली का आणि दुपारच्या गोळ्या डबीतच राहिल्या आहेत का, हे रोज पाहावे.